खोक्यात नसलेली माणसं

शेरीफ वर आला की दरोडेखोर खाली बसतो. दरोडेखोरानं डोकं काढलं की शेरीफ दडतो. हिरव्या रंगाच्या छोट्याशा डब्यातून दोघे आळीपाळीनं उगवतात, पिस्तूल रोखतात आणि पुन्हा आत बुडतात. या चकमकीला वेगळी मोटार लागत नाही. डब्याची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर आत एक तुकडा फिरतो आणि तोच दोघांना वरखाली करतो. गाडी रमतगमत चालली की लढाई संथ होते, गाडी धावू लागली की हातघाईवर येते आणि गाडी थांबली की वैरही जागच्या जागी थबकतं. लायोनेल कंपनीनं हा डबा 1961 साली बाजारात आणला. तेव्हापासून या दोघांनी पिस्तुलं खाली ठेवलेली नाहीत आणि आजवर गोळी कुणाला लागलेली नाही.

माझ्या संग्रहातला हा अगदी लाडका डबा. संग्रह सगळा एकाच मुलखाचा आहे. अमेरिकेचा जुना पश्चिम, आणि तोही खेळण्यातल्या आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा. या गाड्यांचं इंजिन बहुतेक एकाच घराण्यातलं असतं. पुढे चार लहान चाकं, मागे चार मोठी, नाकाशी रुळांवर आलेल्या गुरांना बाजूला सारणारी तिरकी जाळी, कपाळावर मोठा चौकोनी दिवा आणि वर रुंद, खाली निमुळतं धुराडं. इंधन लाकडाचं, त्यामुळे ठिणग्या फार उडत. त्या वाटेतच अडवून विझवण्यासाठी धुराड्याला हा घेर दिलेला असे. कोरड्या गवताच्या मुलखातून जाणाऱ्या इंजिनाला तो घेर म्हणजे शोभा नव्हती, गरज होती. खेळणं बनवणाऱ्यांनी गरज संपल्यावर साठ-सत्तर वर्षांनी तो घेर शोभा म्हणून उचलला आणि मुलांनी तो लगेच ओळखला.

इंजिनामागे पिवळा प्रवासी डबा, सामानाचा डबा, एखादी घोड्यांची उघडी वाघीण. रुळांच्या कडेला स्टेशन, पाण्याची टाकी, तुरुंग, कुंपण, खांबाला बांधलेली घोडी. माणसं तर बोटाएवढी. कुणी दोरीचा फास भिरकावतोय, कुणी गुडघा टेकून नेम धरलाय, कुणी नुसताच कमरेवर हात ठेवून उभा आहे. मला तो कमरेवर हात ठेवलेला माणूस नेहमी आवडतो. सगळी गोष्ट धावत असताना तो एकटा निवांत असतो आणि मूल त्याला हवं ते काम देऊ शकतं.

या गाड्या अनेक देशांत घडल्या. न्यूयॉर्कच्या लुई मार्क्सनं पेनसिल्व्हेनियातल्या गिरार्ड गावच्या कारखान्यात स्वस्त, टिकाऊ गाड्या काढल्या. पत्र्यावर छापलेल्या इमारती आणि मऊ प्लास्टिकची शिपाई-गडी मंडळी यांचे त्याचे संच गरीब घरांतही पोचले. न्यू हेवनच्या ए. सी. गिल्बर्टनं आपल्या अमेरिकन फ्लायर गाड्यांत 'फ्रँकलिन' नावाचं जुन्या घाटाचं इंजिन आणलं. स्कॉटलंडमधल्या शॉट्स इथल्या कारखान्यात टिंपो कंपनीची माणसं घडत. एका रंगाच्या प्लास्टिकवर दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक साच्यातच चढवायचं, म्हणजे निळा सदरा, पिवळा रुमाल, तपकिरी टोपी हे सारं ब्रश न लावता एकात एक वितळून तयार. त्यांच्या 'प्रेरी रॉकेट' या गाडीत बसलेली माणसं आजही रंग टिकवून आहेत, कारण त्यांचा रंग वरून दिलेला नाही, तो त्यांच्या अंगचाच आहे. जपानमधून बॅटरीवर धावणारी पत्र्याची इंजिनं आली. काही तर अडथळ्याला धडकली की आपणच वळून दुसरी वाट धरणारी. टोकियोत पत्रा कापणाऱ्या कारागिरानं प्रेरीचं गवत कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याच्या हातून इंजिन असं उतरलं की त्याच्या घंटेचा आवाज त्या गवतातून आल्यासारखा वाटावा.

हे सगळं पन्नाशीच्या दशकापासून का फुललं, याचं उत्तर दिवाणखान्यात नव्यानं आलेल्या टीव्हीत आहे. 1955 च्या आसपास डेव्ही क्रॉकेटच्या मालिकेनं अमेरिकन मुलांना वेड लावलं. 'गनस्मोक' त्याच वर्षी सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. 1957 मध्ये 'वॅगन ट्रेन' आणि 'टेल्स ऑफ वेल्स फार्गो' आल्या. या दुसऱ्या मालिकेच्या नावानं मार्क्सनं गाडीचा संचही काढला. मुलं संध्याकाळभर पडद्यासमोर बसू लागली, तसा रुळांचा खेळ मागे पडू लागला. बाहेर खरीखुरी वाफेची इंजिनंही त्याच वर्षांत भंगारात निघत होती आणि त्यांची जागा डिझेल घेत होतं. ज्याच्या नकलेवर खेळण्याचा धंदा उभा होता, तेच जगातून निघून चाललं होतं. अशा वेळी खेळणी बनवणाऱ्यांनी शंभर वर्षं मागे उडी घेतली. ज्या टीव्हीनं गिऱ्हाईक पळवलं, त्याच टीव्हीतले घोडेस्वार त्यांनी आपल्या डब्यांत बसवले.

लायोनेलनं 1959 साली 'जनरल' हे इंजिन काढलं ते याच घडीला. कंपनीचे संस्थापक जोशुआ लायोनेल कोवेन यांनी त्याच वर्षी आपला हिस्सा विकला. काही वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या खेळणी-कंपन्यांत गणली जाणारी ही संस्था उताराला लागली होती. पण उतरत्या काळातलं ते इंजिन किती मन लावून केलं आहे! लाल केबिन, मागे इंधन-पाण्याचा हिरवा टेंडर, बारीक सोनेरी पट्ट्या आणि टेंडरवर 'वेस्टर्न अँड अटलांटिक'. सोबतच्या उघड्या वाघिणीवर कुंपण आणि आत सहा घोडे. दोन काळे, दोन तपकिरी, दोन पांढरे. घोडे सुटे आहेत. ते पडतात, हरवतात, दुसऱ्याच खेळात निघून जातात. म्हणूनच सहाही घोडे एकत्र सापडले की संग्राहक हळूच श्वास सोडतो.

खऱ्या 'जनरल'ची कथा मात्र घोडेस्वारांच्या पश्चिमेची नाहीच. ती दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातली, यादवी युद्धातली. 12 एप्रिल 1862 रोजी जेम्स अँड्र्यूज आणि त्याच्या साथीदारांनी बिग शँटी या थांब्यावर प्रवासी न्याहारीला उतरलेले असताना हे इंजिन पळवलं. वाटेत तारा तोडायच्या, रूळ उखडायचे आणि उत्तरेच्या सैन्याची वाट मोकळी करायची, असा त्यांचा बेत होता. मागे लागलेल्यांनी आधी पायी, मग ढकलगाडीवर आणि शेवटी 'टेक्सस' नावाचं इंजिन उलटं चालवत पाठलाग केला. रिंगगोल्डजवळ 'जनरल'चं लाकूड संपलं. अँड्र्यूज आणि सात जणांना फाशी झाली. वाचलेल्यांपैकी काहींना अमेरिकेची पहिली 'मेडल ऑफ ऑनर' पदकं मिळाली. ते इंजिन आज जॉर्जियातल्या केनेसॉ इथल्या संग्रहालयात उभं आहे. खेळण्यात यातलं काही नाही. फास नाही, पदक नाही, युद्ध नाही, युद्धाचं कारण असलेली गुलामी तर नाहीच. तिथे आहेत घोडे आणि पिवळा डबा.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. इथे मराठी मंडळी पुष्कळ, त्यामुळे कर्जतची माणसं इथेही भेटतात. मी मूळची कर्जतची. घाट चढायच्या आधी गाडीला मागून जोडली जाणारी इंजिनं बघत वाढले, तेव्हा रुळांचं वेड कुठून आलं ते सांगायला नको. पण पश्चिमेचं वेड मला इथे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लागलं आणि ते लागण्याचं कारणही इथेच सापडलं. हा पश्चिम मुळात घडला तोच या बाजूला. 'जनरल' 1855 साली न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या रॉजर्स कारखान्यात तयार झालं. मार्क्सनं ज्याची खेळण्यातली प्रत केली ते 'विल्यम क्रुक्स' इंजिन, मिनेसोटात धावलेलं पहिलं इंजिन, तेही 1861 साली पॅटर्सनमध्येच घडलं. रॉजर्सच्या त्या जोडणी-शाळेच्या इमारतीत आता पॅटर्सन म्युझियम आहे. तिथल्या उंच खिडक्यांखाली उभं राहिलं की कळतं, प्रेरीवरच्या ठिणग्या इथून निघाल्या होत्या.

आगगाडीवरच्या दरोड्याचं जे चित्र साऱ्या जगाच्या डोळ्यांत बसलं आहे, तेही इथलंच. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा 1903 चा मूकपट संशोधक एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी केला आणि त्यातला बाहेरचा भाग न्यू जर्सीतल्या रुळांवर, रानात चित्रित झाला. पुढे लायोनेलचे कारखाने न्यू जर्सीतल्या आयर्व्हिंग्टन आणि हिलसाइडला उभे राहिले. इंजिन इथलं, चित्रपट इथला, खेळणंही इथलं. आणि ही कल्पना फिरत फिरत आपल्या दारातही आली. 'शोले'मधली आगगाडी आठवावी. घोड्यांवरून आलेले डाकू, वाघिणींवरून धावणारे वीरू आणि जय. तो सारा थरार पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला. न्यू जर्सीच्या रानात सुरू झालेला पाठलाग बहात्तर वर्षांनी रायगड जिल्ह्यात येऊन पोचला. पनवेलच्या बाजूला वाढलेल्या मराठी माणसाला 'वेस्टर्न'ची ओळख लांबून करून घ्यावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला या गाड्यांकडे ओढते. ती घडवणारे हात. कोवेन यांचे आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. लायोनेलचा कारखाना वर्षानुवर्षं सांभाळणारे मारिओ कारुसो इटलीतून आलेले. जोडणीच्या लांब टेबलांवर बायका बसत, तारा जोडत, दिवे बसवत. बंदरावर उतरलेल्या माणसांनी आपण न पाहिलेल्या मैदानाचं स्वप्न पत्र्यात, जस्तात आणि प्लास्टिकमध्ये उतरवलं. तेही दुसऱ्यांच्या मुलांसाठी. मीही समुद्र ओलांडून आले आहे. म्हणून त्यांनी केलेला डबा हातात घेताना मला तो परक्याचा वाटत नाही.

संग्राहकांच्या जगात एक फार मोठं ध्येय असतं, पूर्ण संच. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये खेळण्यातल्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो. टेबलांच्या रांगा, त्यांवर गाड्या, खोके, सुटी चाकं, बरण्यांत भरलेले स्क्रू. 1954 साली यार्डली गावात ज्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनची सुरुवात झाली, तिच्या मंडळींचा हा मेळावा. स्ट्रासबर्गला त्यांचं संग्रहालयही आहे. या लोकांनी दर्जाच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. ओरखडा किती, गंज किती, रंग मूळचा की नंतरचा, सगळं सांगायचं. नवीन घडवलेला घोडा जुन्या घोड्यांत उभा केला असेल तर तेही सांगायचं. हा प्रामाणिकपणा मला मनापासून भावतो. कुंपणाचा एक तुकडा नक्कल आहे, हे विकणारा स्वतःहून दाखवतो, तेव्हा खेळण्याच्या व्यवहारालाही चारित्र्य असतं हे पटतं.

पूर्ण संच म्हणजे काय, याची यादी प्रत्येकाच्या जिभेवर असते. इंजिन, टेंडर, डबे, घोडे, कुंपण, रूळ, तारा, सूचनांचा कागद, आतले पुठ्ठ्याचे कप्पे आणि मूळ खोका. कप्प्याची घडी फाटलेली नसेल तर उत्तम. हे सगळं जुळवताना वर्षं जातात आणि ती जातात याचं वाईट वाटत नाही. पण असं जुळवता जुळवताच एक प्रश्न माझ्या मनात मूळ धरत गेला. खोक्यावरची यादी संपली तरी त्या काळाची यादी संपते का? या रुळांवर कोण चाललं, हे खोका सांगतो. हे रूळ टाकले कुणी?

10 मे 1869 रोजी युटातल्या प्रोमोंटरी समिट इथे पूर्वेकडून आलेला लोहमार्ग आणि पश्चिमेकडून आलेला लोहमार्ग एकमेकांना मिळाले. 'ज्युपिटर' आणि '119' ही दोन इंजिनं नाकाला नाक लावून उभी राहिली. खेळण्यातल्या इंजिनांची हीच ती मोठी भावंडं. पश्चिमेकडचा मार्ग, सिएरा नेवाडाचा कडा फोडून आणणारे बहुसंख्य मजूर चिनी होते, हजारोंच्या संख्येनं. बर्फात, सुरुंगांच्या धुरात, बोगद्यांत त्यांनी काम केलं. त्या मीलनाच्या अवघ्या काही दिवस आधी, 28 एप्रिलला, एका दिवसात 10 मैल 56 फूट रूळ टाकण्याचा विक्रम झाला. रूळ उचलून ठेवणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावं नोंदली गेली. त्यांच्या पुढेमागे स्लीपर अंथरणारे, खिळे ठोकणारे, खडी भरणारे चिनी मजूर त्या नोंदीत निनावीच राहिले. त्या समारंभाच्या गाजलेल्या छायाचित्रातल्या गर्दीतही त्यांना शोधावंच लागतं. छायाचित्रात ज्यांना जागा नव्हती, त्यांना नव्वद वर्षांनी खेळण्याच्या खोक्यात कुठून मिळणार?

गुराख्यांचंही तसंच. खऱ्या पश्चिमेत गुरं हाकणाऱ्यांत काळे लोक मोठ्या संख्येनं होते आणि मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या गुराख्यांकडून तर सारी विद्याच आलेली होती, दोरीपासून खोगिरापर्यंत. खोक्यातले गुराखी मात्र एकाच वर्णाचे. मूळ रहिवासी खोक्यात आहेत, पण कसे? धनुष्य ताणून, घोड्यावर झेपावत, कायम चाल करून येणारे. ज्या जमिनीवरून गाडी चालली आहे ती त्यांची होती, त्या जमिनीवर त्यांची शेतं, शिकारीची रानं आणि लेकुरवाळी घरं होती, हे त्या ताणलेल्या धनुष्यात मावत नाही. आणि गवे? एकेकाळी ज्यांच्या कळपांनी गाड्या अडायच्या, ते अमेरिकन गवे रेल्वे आल्यावर चामड्यासाठी आणि नुसत्या मौजेसाठी मारले गेले. चालत्या डब्यांच्या खिडक्यांतून लोक त्यांच्यावर गोळ्या झाडत. 1880 चं दशक संपेपर्यंत रानात राहिलेल्या गव्यांची संख्या काही शेकड्यांवर आली. इंजिनाच्या नाकाशी असलेली ती देखणी जाळी मी पुसते तेव्हा त्या कळपांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

एवढं कळल्यावर ही खेळणी टाकून द्यावीत, असं मला कधी वाटलेलं नाही. पत्र्याच्या इंजिनावर खटला भरून इतिहास सुधारत नाही आणि ज्या मुलांनी ती आनंदानं खेळवली, त्यांचा आनंदही खोटा ठरत नाही. मला वाटतं ते वेगळं. कारखान्यानं भरलेला खोका ही गोष्टीची सुरुवात असते. पुढची माणसं आणायची मुभा खेळणाऱ्याला असते आणि मुलं ती मुभा बिनधास्त घेतात.

याचा पुरावा मला एका जुन्या संचाच्या तळाशी मिळाला. 'जनरल'चे डबे नीट होते, घोडे अपुरे होते आणि पुठ्ठ्याच्या कप्प्यांखाली काही परकी मंडळी होती. दोऱ्याचं लाकडी रीळ. त्याच्यावर पेन्सिलीनं फळ्यांच्या रेघा मारलेल्या, म्हणजे ती पाण्याची टाकी. एका कोटाचं पितळी बटण. आणि प्लास्टरची दोन मेंढरं, एकीचा कान उडालेला. अमेरिकेत नाताळच्या झाडाभोवती खेळण्यातली गाडी फिरवायची जुनी रीत आहे. झाडाखाली येशूजन्माचा देखावाही मांडतात. गोठा, मेंढपाळ, उंटावरून आलेले ज्ञानी राजे. तिथल्याच मेंढ्या उठून पश्चिमेच्या गाडीत बसल्या असणार, हरवलेल्या घोड्यांच्या जागी. बेथलेहेमचं मेंढरू जॉर्जियाच्या इंजिनामागे उभं राहून प्रेरीवर निघालं! यादीच्या हिशेबानं ती मेंढरं त्या संचाची नाहीत. माझ्या हिशेबानं त्या संचाचं सर्वांत खरं अंग तीच आहेत, कारण कुणा मुलानं स्वतः विचार करून घातलेली माणसं-जनावरं त्या खोक्यात तेवढीच होती.

मेंढरं हातात घेतल्याबरोबर मला आपला दिवाळीचा किल्ला आठवला. आपल्याकडे प्रत्येक वाड्याच्या, चाळीच्या, सोसायटीच्या कोपऱ्यात सुट्टी लागताच दगडविटा जमतात, पोतं भिजतं, माती कालवली जाते आणि दोन दिवसांत बुरूज उभे राहतात. हळीव, मोहरी पेरून डोंगरावर हिरवळ येते. मग बाजारातून चित्रं आणायची. वर सिंहासनावर महाराज, दरवाजात भालदार, तटावर मावळे. पण बाजारातल्या त्या टोपलीत एवढेच लोक नसतात. दळण दळणारी बाई असते, ताक घुसळणारी असते, डोक्यावर घागर घेतलेली असते. शेतकरी, बैलजोडी, वाणी, न्हावी, वासुदेव, कुत्र्यासह धनगर. पायथ्याला गाव वसल्याशिवाय किल्ला पुरा झाला असं कुठल्याच पोराला वाटत नाही. महाराजांएवढाच उंच कोंबडा दारात उभा राहतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. कुणाचं विमान येतं, कुणाची पिवळी बस घाट चढते, तलावाच्या काचेखाली प्लास्टिकचा मासा जातो. जो येईल त्याला जागा आहे.

कारखान्यातला संच आणि आपला किल्ला या दोहोंत मुलं इतिहासच खेळतात. फरक असा, की संचातला इतिहास साच्यातून बाहेर पडतो आणि किल्ल्यातला इतिहास दरवर्षी हातानं मळावा लागतो. मळताना पोरांना प्रश्न पडतात. पाणी कुठून येणार? धान्य कुठे ठेवणार? दारूगोळा कोण वाहणार? वरच्या माणसाचं राज्य खालच्या माणसांवाचून उभं राहत नाही, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगत नाही. मातीच सांगते. या दृष्टीनं पाहिलं तर 'जनरल'च्या खोक्यात महाराज आहेत, तट आहे, तोफा आहेत, पण पायथ्याचं गाव नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे एका शहरभर गाड्या धावतात. उड्डाणपूल, सर्कस, तरणतलाव, डोंगरातला दोरमार्ग, सगळं हलतं-चालतं. इंजिनाएवढीच भोवतालच्या वस्तीची काळजी घेतलेली आहे. मराठी मनाला नुसते फिरणारे रूळ पुरत नाहीत, त्याला रुळांच्या दोन्ही बाजूंना संसार मांडावासा वाटतो. हा आपला चांगला गुण आहे आणि इथे परमुलखात या गाड्या जमवताना तो मला उपयोगी पडतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगवेगळ्या पाळते. खोका खोक्याच्या नियमानं जपते. मूळ तुकडा मूळच राहील, नक्कल असेल तिथे तशी चिठ्ठी लागेल, रंगाला हात लागणार नाही. पन्नास वर्षांनी कुणाला 1959 चं अमेरिकन घर काय स्वप्न पाहत होतं हे बघायचं असेल, तर त्याला ते स्वप्न जसंच्या तसं दिसलं पाहिजे. त्यात माझी दुरुस्ती मिसळली तर त्याला ना ते स्वप्न कळेल, ना त्यातली उणीव. पण गाडी मांडायची वेळ आली की नियम बदलतो. तेव्हा मी माती कालवते.

शाडू इथेही मिळतो. त्याची मी माणसं करते. वेताची टोपी घातलेला, खांद्यावर काठी आणि काठीच्या दोन टोकांना टोपल्या. चहाची पिंपं वाहणारा एक, कारण चिनी मजुरांच्या टोळ्यांसाठी कामावर चहा नेला जात असे. घण उचललेले दोघे. पाठीवर मूल घेतलेली, काहीही न ताणणारी, कुणावरही न धावणारी एक मूळ रहिवासी बाई. एक काळा गुराखी, घोड्याच्या मानेवर हात ठेवून. गवे मात्र मला चांगले जमत नव्हते, ते शेजारच्या मुलांनी केले. बैल बघितलेल्या मुलांना गव्याच्या वशिंडाचा उठाव आपोआप साधतो. यातलं कुठलंच चित्र लायोनेलच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही. कुणी इंजिनाहून उंच होतं, कुणी चाकाएवढंच राहतं. किल्ल्यात वाढलेल्या माणसाला त्याची अडचण वाटत नाही.

दिवाळीत आमच्याकडे मुलं जमतात, तेव्हा गाडी सुरू होते. इंजिन पुढे येतं, पिवळा डबा येतो, घोडे येतात, त्यांच्यात ती दोन मेंढरं असतात. मुलं आधी इंजिनाकडे धावतात, तेच योग्य आहे, इंजिन देखणंच आहे. मग त्यांचं लक्ष रुळांच्या कडेला जातं आणि विचारपूस सुरू होते. हा काय वाहतोय? ही बाई कुठली? तो दमलाय का? मी सांगत जाते. प्रोमोंटरीचं सांगते, एका दिवसात टाकलेल्या दहा मैलांचं सांगते, कळपांचं सांगते. भीती घालून नाही आणि गोड करूनही नाही. मुलं ऐकतात आणि ऐकता ऐकता माणसांच्या जागा बदलतात. कुणी चहावाल्याला थेट स्टेशनात नेऊन बसवतं, कुणी शेरीफला टोपली उचलायला लावतं. गोष्ट त्यांच्या हाती जाते आणि जायलाच हवी.

ज्या वस्तूंनी आपल्याला आनंद दिला, त्या पुढच्यांच्या हाती देताना त्यांच्याबरोबर त्यांचं खरं गणगोतही द्यावं, अशी माझी श्रद्धा आहे. आगगाडी द्यायची तर रूळ टाकणारा द्यावा, रान द्यायचं तर रानाचे धनी द्यावेत, किल्ला द्यायचा तर पायथ्याचं गाव द्यावं. कारखान्यानं त्यांचे साचे केले नसतील तर आपण मातीची माणसं करावीत. संग्राहकाची यादी तिथवर पोचली तरच संच पूर्ण झाला, असं मी धरून चालते.